विश्लेषण : गेम फुकट, गट मोलाचा! मोबाइल गेम कंपन्या समाजमाध्यमांवर खेळाडूंना कशा बांधून ठेवतात?

मनमाड हे जंक्शन आहे आणि जंक्शनवर वाट पाहावीच लागते. मुंबईकडून भुसावळला जाणारी, दौंडकडे वळणारी, छत्रपती संभाजीनगर-नांदेडच्या दिशेने फुटणारी गाडी इथे थांबते. हा रिकामा वेळ एकेकाळी पत्त्यांचा आणि वर्तमानपत्राचा होता. आता तो मोबाइल गेमचा आहे. रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना, अन्न महामंडळाची गोदामे आणि पानेवाडीचे इंधन डेपो यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात गेम बनवणारी एकही नामांकित कंपनी नाही, मोठ्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेचे मैदानही नाही. तरीही गेम कंपन्यांच्या हिशेबात अशा गावांना मोठे स्थान आहे. कारण त्यांना केवळ गेम उतरवून घेणारा ग्राहक नको असतो. चौघांचा चमू करणारा, त्या चमूसाठी रोज परत येणारा, व्हिडीओ पाहणारा, वाद घालणारा, मित्राला ओढून आणणारा ‘समुदाय’ त्यांना हवा असतो. तो कसा बांधला जातो, त्यात खेळाडूला काय मिळते आणि त्याच्याकडून काय घेतले जाते?

गेम फुकट असेल, तर कंपनीला समुदाय कशासाठी हवा?

बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, लुडो किंग यांसारखे गेम उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. कमाई होते ती जाहिरातींतून, हंगामी ‘पास’मधून आणि पोशाख, बंदुकीचे रंग, नाचाच्या हालचाली अशा सजावटी वस्तूंच्या विक्रीतून. यातील बहुतेक वस्तूंनी खेळ सोपा होत नाही. मग त्या कोण घेतो? ज्याला त्या दुसऱ्याला दाखवायच्या असतात तो. गावात ओळखीचे कोणी नसेल तर लग्नात नवा शेरवानी घालण्यात मजा नाही, तसेच हे. चमूतल्या मित्रांनी पाहिले, यूट्यूबवर एखाद्या नावाजलेल्या खेळाडूने तोच पोशाख घातला, इन्स्टाग्रामवर त्याची रील फिरली, तरच त्या आभासी कपड्याला किंमत येते. म्हणजे समुदाय ही जाहिरातीची जागा तर आहेच, पण मालाला मोल देणारी बाजारपेठही तीच आहे.

दुसरे कारण टिकण्याचे. मोबाइलवर गेम उतरवणे जितके सोपे, तितकेच काढून टाकणेही. एकटा खेळणारा कंटाळला की निघून जातो. ‘रात्री नऊला सगळे येतोय, तू ये’ असा निरोप ज्याला येतो, तो सहसा जात नाही. त्याला गेमचा कंटाळा आला असला तरी मित्रांचा आलेला नसतो. गेम कंपन्यांनी ही साधी माणुसकीची गोष्ट फार लवकर ओळखली आणि तिच्याभोवती रोजच्या हजेरीची बक्षिसे, चमूने मिळून करायची कामे, मित्राला परत बोलावल्याबद्दलच्या भेटी अशी यंत्रणा उभी केली.

भारतात हे गणित कधी जुळले?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि मोबाइल डेटाचे दर कोसळले. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल जगभर उपलब्ध झाला. शंभर जण एका बेटावर उतरणार, शेवटी एक चमू उरणार, आणि खेळताना एकमेकांशी बोलता येणार. महागडा संगणक नको, गेमिंगचा कन्सोल नको, मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन पुरेसा. त्याआधी भारतात गेमिंग हा महानगरांतल्या, घरी संगणक असलेल्या मुलांचा छंद होता. तो नांदगाव, येवला, मनमाडपर्यंत पोहोचला तो या दोन गोष्टींच्या जोडीमुळे.

पण गेम पोहोचणे आणि समुदाय तयार होणे यात फरक आहे. समुदाय घडवला तो यूट्यूबवरच्या खेळाडूंनी, आणि त्यात मुंबईच्या मुलांचा वाटा मोठा होता. ‘डायनॅमो’ या नावाने खेळणारा आदित्य सावंत, ‘मॉर्टल’ म्हणून ओळखला जाणारा नमन माथुर यांची थेट प्रक्षेपणे लाखो मुले पाहू लागली. डायनॅमोचे ‘पट्ट से हेडशॉट’ हे वाक्य शाळांच्या वर्गांत ऐकू येऊ लागले. मिथिलेश पाटणकर हा मराठी तरुण ‘मिथपॅट’ या नावाने गेमबरोबर विनोद विकू लागला. मार्च २०१९ मध्ये हैदराबादला पबजी मोबाइल इंडिया सीरिजची अंतिम फेरी झाली, मॉर्टलच्या ‘सोल’ चमूने ती जिंकली आणि मोबाइलवर खेळूनही नाव कमावता येते, ही कल्पना घराघरांत शिरली. पुढे याच चमूतून ‘एसएटयूएल’ ही नवी मुंबईतली संस्था उभी राहिली. ती स्पर्धेत खेळते, व्हिडीओही बनवते. २०२२ पासून सलग तीन वर्षे ‘ई-स्पोर्ट्स अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम आशय गटाचा जागतिक पुरस्कार तिने मिळवला.

या सगळ्यात कंपनीची चतुराई अशी की तिने या मुलांना केवळ जाहिरातीचे चेहरे बनवले नाही, तर त्यांच्यापुढे शिडी उभी केली. फ्री फायरच्या भागीदार कार्यक्रमाचे प्रसिद्ध निकष पाहिले की हे लक्षात येते : यूट्यूबवर किमान १ लाख सदस्य हवेत, आणि अलीकडच्या काळातले बहुतांश व्हिडीओ त्याच गेमचे हवेत. मोबदल्यात गेममध्ये नावापुढे खास खूण, नव्या वस्तू आधी मिळण्याची संधी, चाहत्यांना वाटायला भेटी. छोट्या गावातला मुलगा त्या १ लाखाच्या मागे धावताना वर्षभर एकाच गेमचे व्हिडीओ टाकत राहतो. त्याला भागीदारी मिळो वा न मिळो, कंपनीच्या गेमचा प्रचार तर झालेला असतो.

बंदीने काय सिद्ध केले?

समुदायाची खरी ताकद दिसली ती गेम गायब झाल्यावर. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. दोनच दिवसांनी अभिनेता अक्षय कुमारने ‘फौजी’ या भारतीय गेमची घोषणा केली. देशप्रेमाची लाट होती, चीनशी सीमेवर तणाव होता, मोठा तारा पाठीशी होता, निव्वळ कमाईचा पाचवा हिस्सा ‘भारत के वीर’ निधीला देण्याचे वचनही होते. २६ जानेवारी २०२१ रोजी गेम आला तेव्हा डाउनलोडचा पाऊस पडला. पण गलवान खोऱ्यात एकट्याने करायची हाणामारी असे त्याचे स्वरूप होते. मित्रांबरोबर चमू करून खेळण्याची सोय सुरुवातीला नव्हतीच. ज्यांना आपला विखुरलेला चमू पुन्हा जोडायचा होता, त्यांच्या हाती एकट्याचा खेळ पडला. प्ले स्टोअरवरचे तारे झपाट्याने उतरले. चमूंची लढत काही महिन्यांनी आली, तोवर गर्दी पांगली होती. एका ट्वीटने गर्दी जमते, पण गट होत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे भारतीय उदाहरण सापडणे कठीण.

त्याच काळात पबजीचा समुदाय मात्र शाबूत राहिला. कारण तो गेममध्ये राहतच नव्हता. तो यूट्यूबच्या वाहिन्यांवर, डिस्कॉर्डच्या सर्व्हरवर, इन्स्टाग्रामच्या खात्यांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत राहत होता. प्रक्षेपण करणारे दुसरे गेम खेळू लागले, पण प्रत्येक थेट प्रक्षेपणात प्रश्न एकच : पबजी परत कधी? गेम नसताना त्याची चर्चा दहा महिने फुकट चालू राहिली. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे बीजीएमआय आणला, तेव्हा तिला ग्राहक शोधावे लागले नाहीत. जुन्या खात्यातील पोशाख आणि दर्जा नव्या गेममध्ये आणण्याची सोय कंपनीने दिली. ज्याने पूर्वी पैसे मोजून वस्तू घेतल्या होत्या, त्याला परत यायला आणखी एक कारण मिळाले. वर्षभरात नोंदणीकृत वापरकर्ते १० कोटींवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

२८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआयही सरकारी आदेशानंतर ॲप स्टोअरवरून उतरवला गेला. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर तो परतला. पुन्हा तोच अनुभव : गेम दहा महिने बेपत्ता, समुदाय जागेवर. या दुसऱ्या परतीनंतर अभिनेता रणवीर सिंह जाहिरातीत आला खरा, पण तोवर काम प्रक्षेपकांनी करून ठेवले होते. फ्री फायरची कथा थोडी वेगळी. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावर बंदी आली, पण त्याची ‘मॅक्स’ आवृत्ती चालू राहिली आणि समुदाय जवळजवळ एका रात्रीत तिकडे सरकला.

पुण्याच्या ‘इंडस’ने कोणता मार्ग धरला?

पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने २०२२ मध्ये ‘इंडस’ची घोषणा केली. विरलोक नावाच्या काल्पनिक ग्रहावर, ‘कॉस्मियम’ नावाच्या खनिजासाठी चाललेली लढाई, आणि भविष्यात भारतीय संस्कृती कशी दिसेल याची कल्पना करणारी रचना. पण प्रत्यक्ष गेम आला १६ ऑक्टोबर २०२४ रोजी. मधला दोन वर्षांचा काळ कंपनीने समाजमाध्यमांवर भरून काढला. पात्रांची चित्रे, बंदुकांचे आराखडे, कामाची प्रगती सांगणाऱ्या नोंदी ती नियमितपणे देत राहिली. खेळाडूंना आणि प्रक्षेपकांना बोलावून अर्धवट अवस्थेतला गेम खेळायला दिला, त्यांच्या तक्रारी ऐकल्या, काही बदल केले आणि ते बदल कोणाच्या सूचनेवरून केले हेही सांगितले. मग मर्यादित लोकांसाठी चाचणी आवृत्ती आली. गेम येण्यापूर्वीच पूर्वनोंदणी १ कोटीच्या पुढे गेली होती.

ही पद्धत फौजीच्या उलट आहे. इथे ताऱ्यापेक्षा प्रक्रियेला महत्त्व आहे. ‘हा गेम घडताना आम्ही पाहिला’ ही भावना पैसे देऊन विकत मिळत नाही. मात्र पूर्वनोंदणीचा आकडा म्हणजे रोज खेळणाऱ्यांचा आकडा नव्हे. पूर्वनोंदणीला एक बोट लागते. रोज खेळायला चार मित्र लागतात, आणि ते चौघे आधीच बीजीएमआयवर असतील तर त्यांना हलवणे हे नवा गेम बनवण्यापेक्षाही अवघड काम आहे. भारतीय गेम कंपन्यांपुढची मुख्य अडचण तंत्रज्ञानाची कमी आणि ही जास्त आहे.

नवी मुंबईच्या गेमेशनचा ‘लुडो किंग’ या सगळ्यात नेहमी विसरला जातो. २०१६ मध्ये आलेल्या या गेमने ना प्रक्षेपकांची फौज उभी केली, ना डिस्कॉर्डचा गाजावाजा केला. त्याने एक आकड्यांचा कोड दिला. खासगी डाव सुरू करायचा, कोड व्हॉट्सॲपवर टाकायचा, मामा पुण्यात, आत्या सुरतेत आणि आजी मनमाडमध्ये असे चौघे एका पटावर. २०२० च्या टाळेबंदीत हा गेम घरोघरी पोहोचला तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांमुळे. समुदाय आधीच होता, कंपनीने त्याला फक्त दार उघडून दिले.

प्रत्येक माध्यमाचे काम वेगळे कसे?

कंपन्या सगळीकडे एकच मजकूर टाकत नाहीत. यूट्यूब हे मैदान आहे : थेट प्रक्षेपण, स्पर्धा, नव्या आवृत्तीत काय बदलले हे समजावणारे व्हिडीओ. नव्या आवृत्तीची माहिती प्रक्षेपकांना आधी मिळते आणि ती त्यांच्या तोंडून बाहेर येते, कारण कंपनीच्या निवेदनापेक्षा आवडत्या खेळाडूच्या बोलण्यावर विश्वास जास्त. इन्स्टाग्राम हा चौक आहे : तीस सेकंदांची रील, विनोद, सण-उत्सवाचे पोशाख. भेटवस्तूंचे ‘रिडीम कोड’ मुद्दाम ठरावीक वेळेपुरते समाजमाध्यमांवर सोडले जातात, म्हणजे ते मिळवण्यासाठी खाते सतत पाहावे लागते.

डिस्कॉर्ड ही ओसरी. मे २०१५ मध्ये सुरू झालेले हे माध्यम मुळात गेमच्या धंद्यातूनच निघाले. ज्या कंपनीने ते बनवले, तिचा स्वतःचा गेम फारसा चालला नाही, पण खेळाडूंना खेळताना बोलण्यासाठी चांगली सोय नाही हे तिच्या लक्षात आले. इथे कंपनीचे कर्मचारी आणि खेळाडू एकाच ठिकाणी असतात. त्रुटी कळवता येतात, सूचना देता येतात, मतदान घेता येते. कंपनीला इथे जे कळते ते कोणत्याही पाहणीतून कळणार नाही : कोणत्या बंदुकीबद्दल चिडचिड आहे, कोणता नकाशा कंटाळवाणा झाला आहे, कोणत्या पोशाखासाठी लोक पैसे मोजायला तयार आहेत.

महाराष्ट्राच्या छोट्या गावांत मात्र खरा संसार व्हॉट्सॲपवर चालतो. तिथे कंपनी पोहोचू शकत नाही, आणि तिला पोहोचायची गरजही नाही. वर यूट्यूब, मध्ये डिस्कॉर्ड किंवा टेलिग्राम आणि खाली चौघा मित्रांचा व्हॉट्सॲप गट अशी ही उतरंड आहे. निरोप वरून सुटतो आणि खालपर्यंत झिरपतो. भाषेचेही तसेच. या समुदायांची बोली रोमन लिपीत लिहिलेली हिंदी आहे. देशभरातून आलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मनमाडला हिंदी परकी नाही, त्यामुळे तिथल्या मुलाला अडचण येत नाही. पण मराठीत बोलणारा गेमिंगचा मोठा समुदाय उभा करण्यात कोणत्याही बड्या कंपनीने मनापासून रस घेतलेला दिसत नाही.

समुदाय कंपनीवर उलटला तर?

उलटतो, आणि तेव्हा कंपनीने बांधलेली यंत्रणाच तिच्याविरुद्ध वापरली जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीने ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ मध्ये लोकप्रिय पात्रे मिळवण्यासाठी तासन्‌तास खेळावे लागेल किंवा पैसे लागतील अशी रचना केली. रेडिटवर कंपनीने दिलेल्या स्पष्टीकरणाला ६ लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली. त्या संकेतस्थळाच्या इतिहासातला तो विक्रम ठरला. गेम अधिकृतपणे बाजारात येण्याच्या आदल्या रात्री पैशांची खरेदी थांबवावी लागली. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ या गेमसाठी संगणकावर खेळणाऱ्यांनाही सोनीचे खाते सक्तीचे करण्याचे ठरले. खेळाडूंनी स्टीमवर २ लाखांहून अधिक नकारात्मक अभिप्राय टाकले आणि सोनीने काही दिवसांतच माघार घेतली.

भारतीय मोबाइल खेळाडूंनी अशी माघार अजून कोणा मोठ्या कंपनीला घ्यायला लावलेली नाही. याचे एक कारण पैशांत आहे. ज्याने साडेतीन हजार रुपये मोजून गेम घेतला त्याचा राग आणि ज्याने तो फुकट उतरवला त्याचा राग यांचे वजन सारखे नसते. दुसरे कारण प्रक्षेपकांत आहे. खेळाडूंचे नेतृत्व ज्यांच्याकडे आहे, त्यांची कमाई त्याच गेमवर अवलंबून आहे. ते चेष्टा करतील, कुरकुर करतील, पण बहिष्काराची हाक सहसा देणार नाहीत. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांना सशुल्क प्रचार ठळकपणे जाहीर करण्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. पण ‘भागीदार’ खेळाडूने सहज म्हणून केलेले कौतुक जाहिरात मानायचे का, ही रेषा पुसटच आहे.

मनमाडच्या मुलाच्या हाती काय लागते?

मैत्री लागते, हे आधी मान्य करायला हवे. दहावीनंतर कोणी नाशिकला, कोणी पुण्याला, कोणी भोसरीच्या कारखान्यात जातो. रात्री नऊचा डाव त्यांना एकत्र ठेवतो. पालकांना यात निव्वळ वेळेचा अपव्यय दिसतो. मुलांसाठी तो कट्टा असतो.

स्पर्धेचे दार उघडे आहे, असे कंपन्या सांगतात आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. मोठ्या स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्या ऑनलाइन असतात, कोणत्याही गावातून भाग घेता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्यासाठी पदके होती. पण क्राफ्टनच्या बीजीआयएस स्पर्धेची अंतिम फेरी २०२४ मध्ये हैदराबादला आणि २०२५ मध्ये कोलकात्याला झाली, तिथे पोहोचणारे सोळा चमू. बाकीचे लाखो प्रेक्षक असतात. कंपनीच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण स्पर्धा विजेत्यासाठी कमी आणि प्रेक्षकांसाठी जास्त घेतली जाते.

मधल्या थराबद्दल कमी बोलले जाते. डिस्कॉर्डवर शिवीगाळ रोखणारे, गटाचे नियम सांभाळणारे, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे बहुतेक जण बिनपगारी असतात. मोबदला म्हणून नावापुढे रंगीत बिल्ला, कधी गेममधील चलन. हेच काम कंपनीत केले तर त्याला ‘कम्युनिटी मॅनेजर’ म्हणतात आणि पगार मिळतो. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणाला मंजुरी दिली. त्यातून रोजगार आला तर तो प्रोग्रामर आणि चित्रकारांपुरता असेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात समालोचन, स्पर्धा संयोजन, समुदाय व्यवस्थापन ही कामे पंचवटी एक्स्प्रेस न पकडताही, मनमाडमध्ये बसून करता येण्यासारखी आहेत. त्यासाठी मराठी समुदायाची गरज कंपन्यांना वाटली पाहिजे, आणि घोडे तिथेच अडते.

प्रवेश शुल्क घेऊन ‘रूम’ चालवणे कायद्यात बसते का?

हा प्रश्न छोट्या गावांसाठी सर्वांत निकडीचा आहे. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर स्थानिक मुले ‘कस्टम रूम’ चालवतात. प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम यूपीआयने घ्यायची, खोलीचा क्रमांक आणि पासवर्ड द्यायचा, जिंकणाऱ्याला जमलेल्या पैशातून बक्षीस, उरलेले संयोजकाचे. मुलांच्या दृष्टीने ही क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धेसारखीच स्पर्धा.

कायद्याच्या दृष्टीने तसे नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्यानुसार, पैसे किंवा अन्य मोलाच्या लाभाच्या अपेक्षेने शुल्क वा पैज लावून खेळलेला ऑनलाइन गेम हा ‘पैशांचा गेम’ ठरतो, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. असा गेम उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ई-स्पोर्ट्सला सवलत आहे. तिथे सहभाग शुल्क घेता येते, कामगिरीवर बक्षीसही देता येते. पण ती स्पर्धा मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत असावी लागते, शुल्क फक्त प्रवेश वा व्यवस्थापन खर्चापुरते असावे लागते. जमलेल्या शुल्कातूनच बक्षीस वाटणारी विनानोंदणी रूम या सवलतीत बसणे अवघड. निव्वळ खेळणाऱ्याला शिक्षा करण्याचा या कायद्याचा हेतू नाही. संयोजकाची गोष्ट वेगळी, आणि इथे संयोजक बहुतेकदा अकरावी-बारावीचा मुलगा असतो. कायद्याला आव्हान देणाऱ्या विविध उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या, पण त्यातील वाद मुख्यतः मोठ्या पैशांच्या गेम कंपन्यांचा आहे. गावातल्या रूमची बाजू तिथे कोणी मांडत नाही.

याच गटांत ‘फुकट यूसी’, ‘जुने खाते विकणे आहे’ असे निरोपही फिरतात. यूसी म्हणजे बीजीएमआयमधील चलन. दुव्यावर टिचकी मारून पासवर्ड दिला की खाते जाते, आणि खाते विकत घेण्यासाठी दिलेले पैसेही सहसा परत येत नाहीत. खाते विकणे कंपनीच्या नियमात बसत नाही, त्यामुळे तिच्याकडे दाद मागता येत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार होईल तितके बरे. घरी ओरडा बसेल या भीतीने मुले तो फोन करत नाहीत.

अल्पवयीन मुलांसाठी कोणते संरक्षण आहे?

मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रुळांजवळ पबजी खेळण्यात गुंग झालेल्या दोन तरुणांचा रेल्वेखाली मृत्यू झाला, तेव्हा राज्यात या गेमच्या व्यसनाची चर्चा पेटली. त्यानंतर आलेल्या बीजीएमआयने काही मर्यादा स्वतःहून घातल्या : १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तास, खर्चावर दैनंदिन ७ हजार रुपयांची कमाल मर्यादा, आणि पालकाचा मोबाइल क्रमांक. २०२३ मध्ये परतताना प्रौढांसाठीही सहा तासांची मर्यादा आली. दिवसाला ७ हजार ही मर्यादा मनमाडच्या किती घरांना मर्यादा वाटेल, हा प्रश्न बाजूला ठेवू. पालकाचा म्हणून दिलेला क्रमांक मोठ्या भावाचा किंवा मित्राचा असला, तर ते कोण तपासणार?

शिवाय या मर्यादा गेमच्या आत आहेत. समुदाय बाहेर आहे. तीन तास संपले की मुलगा फोन ठेवत नाही, तो प्रक्षेपण पाहतो, डिस्कॉर्डवर बोलतो, रील पाहतो. अनोळखी प्रौढाशी गाठ पडण्याची शक्यता तिथे जास्त असते. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सला डिसेंबर २०२२ मध्ये एकूण ५२ कोटी डॉलर देण्याची तडजोड करावी लागली. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा करणे आणि फसव्या रचनेतून खरेदी करवणे हे त्यातले मुख्य आरोप होते. पण आणखी एक आक्षेप होता : मुलांचे अनोळखी खेळाडूंशी आवाजी आणि लेखी संभाषण आपोआप सुरू ठेवले जात होते, ते बंद करणे मुलांवर सोडले होते. म्हणजे ‘समुदाय’ हीच त्या गेमची मूळ जुळणी होती आणि नियामकाने बोट ठेवले ते नेमके तिच्यावर.

भारतात वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. १८ वर्षांखालील प्रत्येक जण त्यात बालक आहे. त्याच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती हवी. त्याच्या वर्तनाचा माग काढणे आणि त्याला नेमके हेरून जाहिरात दाखवणे यांवर बंदी आहे. गेम कंपन्यांचे समुदाय बांधण्याचे तंत्र ज्या दोन पायांवर उभे आहे, ते हेच. मात्र कायद्याचे नियम अधिसूचित झाले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीसह कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणजे मे २०२७. तोवर, आज नववीत असलेला मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला असेल, आणि पालकाच्या संमतीच्या रकान्यात त्याने टाकलेला क्रमांक बहुधा त्याच्या चमूतल्याच कोणाचा तरी असेल.